मद्रासी मास्तर

आमच्या घरात पोलीस ॲक्शन दोनदा झाली. पहिली सगळ्यांच्या बरोबर झाली, निजामाचं राज्य गेलं तेव्हा. दुसरी त्यानंतर तीन-चार वर्षांनी, कचेरीत हुकूम आला तेव्हा. यापुढं वरचा पत्रव्यवहार इंग्रजीत चालेल आणि जुन्या उर्दूवाल्या कारकुनांनी इंग्रजीची परीक्षा द्यायची, असा तो हुकूम. जो नापास होईल त्याला खालची जागा आणि बदली आडबाजूला, पिशोरला.

आमचे हे म्हणजे केशवराव. औरंगाबादच्या तहसील कचेरीत पेशकार. तहसीलदारांपुढं कागद ठेवायचे, वाचून दाखवायचे, त्यावरचा हुकूम लिहून घ्यायचा. निजामाच्या राज्यात ह्यांचं उर्दू अक्षर बघायला लोक यायचे, असं हेच सांगायचे. अतिशयोक्ती असेल, पण फार नसेल. त्या अक्षरावर आमचं घर चालत होतं आणि ह्यांची मान ताठ होती. इंग्रजी मात्र सहीपुरतं. आता पन्नाशीला टेकलेला माणूस पहाटे उठून डिक्शनरी उघडायचा आणि 'ए'पासून पाठ करत सुटायचा. संध्या करता करता मध्येच एखादं स्पेलिंग पुटपुटायचे. देवालाही कळत नसेल हे काय चाललंय. एवढं करून दुसऱ्या दिवशी विचारावं तर पालथ्या घड्यावर पाणी.

सून तेव्हा घरात नवीनच होती. अंबिका, आमच्या श्रीधरची बायको. श्रीधर जालन्याला रेल्वेत, शनिवारी घरी यायचा. ही माहेरची अमरावतीची, मॅट्रिक झालेली. लग्नात ह्यांनी ते ज्याला त्याला कौतुकानं सांगितलं होतं, जसा घरात आलेला दागिना दाखवतात तसं. दागिना कधी अंगावर घालायचाही असतो, हे त्यांच्या ध्यानात आलं नसावं.

एकदा विळीवर भाजी चिरता चिरता ती मला म्हणाली, "सासूबाई, मामंजी एकेक शब्द सुटा पाठ करतायत. असं केलं तर जन्म पुरायचा नाही. आमच्या शाळेत एक मिशनरी बाई होत्या. त्या म्हणायच्या, इंग्रजीतले कितीतरी मोठे शब्द लॅटिनमधून आलेत. आधी मूळ धरा. आता 'पोर्ट' म्हणजे वाहून नेणं. मग पोर्टर म्हणजे हमाल. इम्पोर्ट, आत आणणं. एक्स्पोर्ट, बाहेर नेणं. ट्रान्सपोर्ट, इकडून तिकडं नेणं. रिपोर्ट, तिकडची बातमी परत आणणं. सपोर्ट, खालून उचलून धरणं. एका मुळात किती शब्द हाताशी आले बघा."

मला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, तरी ते शब्द मला तिथंच पाठ झाले. संध्याकाळी मी ह्यांना सांगितलं, तर हे उसळले. "सुनेकडून तालीम घेऊ? ह्या वयात? लोक तोंडावर थुंकतील!"

मी म्हटलं, "आणि पिशोरला बदली झाली तर हार घालतील का?"

दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी आपणच म्हणाले, "दार लावून घेत जा. आणि कुणाला कळता कामा नये."

आमच्याकडं तेव्हा सून सासऱ्यापुढं बसत नसे, त्याच्याशी बोलतही नसे. जे सांगायचं ते सासूच्या तोंडून. म्हणून व्यवस्था अशी ठरली की हे बैठकीत पाटी घेऊन पाटावर बसायचे, अंबिका माजघरात अर्ध्या दाराआड तांदूळ निवडत बसायची, आणि उंबऱ्यावर मी. हे म्हणायचे, "तिला विचार, 'डिक्ट' म्हणजे काय." तिला ते स्वच्छ ऐकू गेलेलं असायचं. तरी मी आत मान वळवायची, "डिक्ट म्हणजे काय, विचारतायत." ती म्हणायची, "बोलणं, म्हणावं." मी बाहेर वळून, "बोलणं, म्हणते." बाहेरून कुणी ऐकलं असतं तर तिघांनाही वेड्यात काढलं असतं. त्या घरातला खरा पोर्टर मी होते, आणि मजुरी म्हणाल तर मान अवघडणं.

'स्क्राइब' निघालं त्या दिवशी मात्र हे पाटावरून उठूनच उभे राहिले. स्क्राइब म्हणजे लिहिणं. सबस्क्राइब, खाली नाव लिहिणं. मॅन्युस्क्रिप्ट, त्यातलं 'मॅन्यु' म्हणजे हात, असं अंबिकानं सांगितलं आणि मी ते पोचवायच्या आत हे ओरडले, "हस्तलिखित! अगं, हे तर आपल्यासारखंच आहे! काफ, ते, बे, ही तीन अक्षरं म्हणजे लिहिणं. त्यातूनच किताब, कातिब म्हणजे लिहिणारा, मकतब म्हणजे शाळा, मकतूब म्हणजे पत्र. हे लोकही असंच करतात होय!" दाराआड अंबिका हसली. ते हसू मला पोचवावं लागलं नाही.

तिथून ह्यांची गाडी रुळावर आली. ज्याला उर्दू शब्दाचं मूळ शोधायची सवय होती त्याला लॅटिनचं मूळ परकं वाटेना. अंबिकाच्या ते लगेच ध्यानात आलं. ती आता अर्थ सांगायचीच नाही. मूळ द्यायची आणि बाकीचं ह्यांच्याकडून काढून घ्यायची. चुकले तर दोनदा वाट बघायची, रागवायची नाही. 'व्होक' म्हणजे हाक मारणं. मग ॲडव्होकेट म्हणजे कोण? ह्यांनी बराच वेळ विचार करून सांगितलं, दुसऱ्याच्या वतीनं बोलायला ज्याला हाक मारतात तो. "बरोबर, म्हणावं," अंबिका म्हणाली. हा शब्द ह्यांना इतका आवडला की जेवतानाही एकदा म्हणून झाला. असं शिकवणारं माणूस मी आजवर दुसरं पाहिलेलं नाही, आणि हे मी सासू असून म्हणते.

आमच्या गल्लीमागं तेव्हा नवीन कन्याशाळा निघाली होती. तिची घंटा आमच्या माजघरात ऐकू यायची. घंटा झाली की अंबिका हातातलं काम थांबवून मागच्या दारात जाऊन उभी राहायची. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाली, "तिथं इंग्रजीला बाई नाहीत अजून." तिच्या मनात काय होतं ते कळायला मला डिक्शनरी लागली नाही. श्रीधरची ना नव्हती. मी ह्यांच्या कानावर घातलं. तेव्हा हे खुशीत होते. "तिला म्हणावं, माझी परीक्षा झाली की तुझ्या मास्तरकीचं मी बघतो." हे मी पोचवलं. त्या दिवशी तांदूळ निवडता निवडता ती गुणगुणत होती.

परीक्षा दोन भागांची होती. पहिल्या भागात हे पास झाले, आणि जुन्या कारकुनांत पहिले आले. तहसीलदारांनी भर कचेरीत गळ्यात हार घातला आणि विचारलं, "केशवराव, कमाल केलीत. उस्ताद कोण तुमचा?"

आणि हे म्हणाले, "एक मद्रासी मास्तर मिळाला, साहेब."

घरी येऊन हे त्यांनी मला हसत हसत सांगितलं, वर म्हणाले, "झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मूठ तिची," मी म्हटलं, "आणि झाकताय तुम्ही."

माजघरात ताटातल्या तांदळाचा आवाज थांबला होता.

त्या मद्रासी मास्तरानं मग आमचं घरच धरलं. कचेरीत बद्रीनाथ म्हणून एक कारकून होते. वैजापूरकडचे, शेतीवाडीच्या घरातले, ह्यांच्यासारखेच उर्दूत शिकलेले. ते नापास झाले होते. पुन्हा एकदा बसायची संधी होती, नाहीतर पिशोर. ते रोज संध्याकाळी दारात यायचे. "केशवराव, त्या मास्तराचा पत्ता द्या की. लई उपकार व्हतील." ह्यांनी आधी सांगितलं, मास्तर गुलमंडीत राहतात. बद्रीनाथ गुलमंडी पालथी घालून आले. मग सांगितलं, मास्तर मद्रासला गेले. "कवा येणार?" "काही सांगता येत नाही." बद्रीनाथ मान खाली घालून पायऱ्या उतरायचे. ते गेले की ह्यांना जेवण जायचं नाही. शरम तेव्हाच आतून पोखरायला लागली होती. पण पुरुषाची शरम मोठी हट्टी. एका खोट्याची लाज वाटते म्हणून दुसरं बोलायला लावते.

आणि मग तो दिवस आला. कन्याशाळेच्या कमिटीवर काकासाहेब होते, बद्रीनाथांचे चुलतभाऊ. वैजापूरकडं त्यांची मोठी जमीन, आणि इथं बंगला काळ्या चबुतऱ्यापाशी, ज्याला आता क्रांती चौक म्हणतात. अंबिकानं शाळेत अर्ज केलेला होता, त्याचीच चौकशी करायला ते आमच्याकडं आले. बरोबर बद्रीनाथ. मी चहा दिला आणि उंबऱ्याशी उभी राहिले. माझ्या मागं दाराआड अंबिका.

काकासाहेब सरळ बोलणारे. म्हणाले, "केशवराव, सूनबाईंचं मॅट्रिक हाय, घराणं चांगलं हाय, सगळं हाय. पण कमिटीतले म्हणत्यात, पास हाय खरी, शिकवता येतं का? जालन्याच्या एका बाईचाबी अर्ज हाय. तिनं वरीसभर शिकवलंय. आता तुम्ही मला एकच माणूस दाखवा, तुमच्या सूनबाईंच्या हाताखाली शिकलेला. त्यानं हवाला दिला की उद्या नेमणुकीचा कागद पाठवतो."

एकच माणूस. तो माझ्यासमोर काळी टोपी घालून बसला होता.

ह्यांनी तोंड उघडलं. तेवढ्यात बद्रीनाथांना कुठून आठवलं कोण जाणे, ते म्हणाले, "अन् केशवराव, मास्तराचं काय कळलं का? माझी परीक्षा जवळ आली बघा."

ह्यांचं उघडलेलं तोंड मिटलं. टोपी काढली, कपाळ पुसलं, टोपी पुन्हा घातली. माझ्या तर अगदी जिभेवर आलं होतं. पण मागून कुणीतरी माझा पदर घट्ट धरला. मी वळून पाहिलं. अंबिका मान हलवत होती. "त्यांनाच म्हणू दे," ती पुटपुटली.

मी वाट बघितली. आम्ही दोघींनीही बघितली.

हे म्हणाले, "घरातल्या पोरीबाळींना कधी शिकवलं असेल. मला काही कल्पना नाही."

माझा पदर सुटला. काकासाहेबांनी चहा संपवला, "बरं, मग बघू," म्हणाले आणि उठले. बघू म्हणजे काय ते सगळ्यांना कळत होतं. ॲडव्होकेटचा अर्थ ह्या माणसाला झोपेतून उठवून विचारला असता तरी सांगता आला असता, आणि वेळ आली तेव्हा हे मूग गिळून बसले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. मी त्या दिवशी ताट वाढलं आणि ते समोर आदळलं. अंबिका मात्र नेहमीसारखी वावरत होती, आणि तेच मला जास्त लागत होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हे सवयीनं पाटावर येऊन बसले. परीक्षेचा दुसरा भाग व्हायचा होता. पाटी मांडीवर घेतली, घसा खाकरला आणि खालच्या आवाजात म्हणाले, "तिला विचार, आज कुठलं मूळ."

मी आत वळले. ताटात तांदूळ होते, निवडणं चालू होतं. वर न बघता ती म्हणाली, "सांगा त्यांना, मास्तर मद्रासला गेले."

ह्यांना ते ऐकू गेलं होतंच. तरी मी बाहेर वळले आणि एकही अक्षर न गाळता म्हटलं, "मास्तर मद्रासला गेले, म्हणते." ते सांगताना मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

ह्यांनी पाटी खाली ठेवली. मग म्हणाले, "मला माझीच शरम वाटते गं."

"ते मला सांगून काय उपयोग?" मी म्हटलं आणि दिवा लावायला उठले.

सकाळी कचेरीच्या आधीच हे काळ्या चबुतऱ्याकडं गेले. परत आले ते पायऱ्यांवरच बसले, जोडेसुद्धा काढले नाहीत. जालन्याच्या बाईंना कागद गेला होता.

"काकासाहेब काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणाले, केशवराव, परवा एवढं एक वाक्य तुम्हाला जड झालं का?"

त्याहून जास्त मला सुचलंही नसतं.

त्या संध्याकाळी हे बद्रीनाथांना घेऊनच घरी आले. त्यांना बैठकीत बसवलं आणि मला म्हणाले, "तू ऊठ तिथून." मी उंबऱ्यावरून उठले. त्या दोघांच्या मध्ये पहिल्यांदाच कुणी नव्हतं. हे दारापाशी जाऊन उभे राहिले, नजर जमिनीवर.

"अंबिकाबाई," हे म्हणाले. आमच्या घरात तिला कुणी बाई म्हणत नव्हतं. "हे बद्रीनाथ आले आहेत. मी ह्यांना मद्रासी मास्तराचं सांगितलं होतं. तसा कुणी नव्हता, तुम्ही होता. मी लाजेनं खोटं बोललो. परवा गप्प बसलो तेही लाजेनं. तुमची जागा माझ्यामुळं गेली. मला नका शिकवू. पण ह्यांना शिकवा, नाहीतर ह्यांना पिशोरला जावं लागेल."

बद्रीनाथ उभेच राहिले. "म्हंजी ह्या सूनबाई? अन् मी गुलमंडीत घरोघर इचारत फिरलो व्हय!" मला वाटलं ते चिडतील. ते नुसते म्हणाले, "केशवराव, पण इतकं लाजण्यासारखं काय व्हतं त्यात?"

बद्रीनाथ चिडले असते तर बरं झालं असतं.

मग आतून हाक आली, "सासूबाई." ती ह्यांच्याशी बोलणार नव्हती. मी पुन्हा उंबऱ्यावर जाऊन बसले.

"त्यांना सांगा, दोघांनाही शिकवीन," ती म्हणाली. "पण फी आहे. चारचौघांत मास्तराचं नाव घ्यायचं."

मी सांगितलं. बद्रीनाथ म्हणाले, "घेतो की! आत्ता चौकात जाऊन घेतो."

दुसऱ्या दिवशी कचेरीत, तहसीलदारांपुढं, हार गळ्यात पडला होता त्याच जागी उभं राहून ह्यांनी फी दिली. हे मला बद्रीनाथांनी सांगितलं. लोक हसले म्हणे. 'सुनेच्या पदराआड शिकले' असं पुढं कित्येक महिने ह्यांना ऐकवत होते. हे ऐकून घ्यायचे, उलट बोलायचे नाहीत. बोलायला तोंड होतं कुठं?

बद्रीनाथ पास झाले. त्यांनी फी इतक्या ठिकाणी दिली की आमच्या बैठकीत माणसं मावेनात. अंबिका आधी दाराआडून शिकवायची, मग दार उघडं राहू लागलं, आणि एक दिवस ती डोक्यावरून पदर घेऊन सगळ्यांसमोर येऊन बसली. ह्यांचाही दुसरा भाग सुटला. हे बसायचे सगळ्यांच्या मागं, जोड्यांपाशी. कुणी पुढं बोलावलं तरी यायचे नाहीत. ती बाकी सगळ्यांना सरळ विचारायची. ह्यांना मात्र अजून माझ्याच तोंडून. "सासूबाई, त्यांना विचारा."

शाळेतली ती जागा मात्र गेली ती गेलीच. जालन्याच्या बाई टिकल्या. चांगलं शिकवायच्या म्हणे, त्यांचा काय दोष. शाळेची घंटा रोज वाजायची, माजघरात यायची, बैठकीत यायची. ती वाजली की हे हातातलं खाली ठेवायचे. पेपर असो, जानवं असो, काही असो. नजर चटईवर लावून बसायचे, मुलींचा गलबला थांबेपर्यंत. माणसांचं हसून झालं होतं, विसरून झालं होतं. ही घंटा तेवढी विसरू देत नव्हती. मी एकदोनदा म्हणणार होते, पुरे आता. पण ते म्हणायचा हक्क माझा नव्हता.

असं वर्ष गेलं असेल. एका सकाळी ह्यांनी चहा बशीत ओतला आणि घंटा झाली. बशी तशीच खाली ठेवून हे बसून राहिले. मी चुलीपाशी होते. अंबिका तांदळाचं ताट घेऊन माजघराच्या दारात आली. थोडा वेळ तिथं उभी राहिली. मला वाटलं, आता मला हाक मारेल. मी हात पुसायला लागले.

"मामंजी," ती म्हणाली, "चहा निवतोय."

ह्यांनी वर पाहिलं. मग बशी उचलली. थोडा चहा धोतरावर सांडला. निवलेला चहा ह्यांना कधी चालत नसे. तो सगळा प्यायले.